हरणांचे कुरण आणि माणसांचे हात



चालकांचे निमंत्रणपत्र आले, त्यात ‘आपल्या आवडीचा विषय कळवावा’ असे होते. मी ‘हरणांसाठी गवत’ असे कळविले, तेव्हा त्यांना वाटले की पत्र दुसऱ्याच कोणाच्या हाती पडले असावे. कामगार संघटनेच्या माणसाने पगारावर बोलावे, बोनसवर बोलावे, फार तर संपावर बोलावे. त्याचा गवताशी काय संबंध? हा संबंध काय आहे तेच आज सांगावे असा माझा विचार आहे.

आरंभीच एक कबुली देतो. मी वनस्पतिशास्त्राचा पदवीधर नाही. सातवीनंतर शाळा सुटली ती लाकडाच्या वखारीत कामाला लागण्यासाठी. पुढे जे काही वाचले ते सार्वजनिक वाचनालयात, दिवसाचे काम संपल्यावर. गवत मात्र मी पुस्तकात शिकलो नाही. ते मला वनमजुरांनी, आणि त्यातही बायकांनी शिकविले. सुमारे वीस वर्षांपूर्वी संघटनेची वर्गणी गोळा करण्यासाठी मी मेळघाटच्या बाजूला एका वनछावणीवर गेलो होतो. श्रावणाचे दिवस होते. तीस-चाळीस बाया ओळीने उकिडव्या बसून भर पावसात काहीतरी उपटीत होत्या. जंगलात निंदणी चाललेली पाहून मी चकित झालो. शेताला निंदणी असते हे ठाऊक होते, पण ज्या रानात कोणी काही पेरीत नाही तिथे निंदणी कसली?

तेव्हा कळले की पेरीत नाही हा माझा समज चुकीचा आहे. तिथे पेरतात, निंदतात, राखतात. फक्त कापणीला येते ते हरीण.

प्रथम हरीण म्हणजे कोण ते नीट समजून घेऊ. आपण सरसकट सगळ्यांनाच हरीण म्हणतो. चितळ, सांबर आणि भेकर ही खरी हरणे. यांच्या नरांची शिंगे दरवर्षी गळून पडतात आणि नवी फुटतात. काळवीट, चिंकारा, नीलगाय, चौसिंगा यांची शिंगे जन्मभर डोक्यावर राहतात; हे हरणांचे चुलत घराणे, यांना कुरंग म्हणतात. हा भेद नुसता शिंगांचा नव्हे, प्रत्येकाच्या ताटाचाही आहे. सांबर झाडपाला अधिक खातो आणि दाट झाडीत राहतो. चितळाला मोकळे, आखूड गवत लागते, कारण तिथे कोवळा घास मिळतो आणि दबा धरून बसलेला शत्रूही दिसतो. काळविटाला तर उघडे माळरानच हवे. म्हणून ‘हरणांसाठी चारा लावा’ असे नुसते म्हणून भागत नाही. कोणत्या हरणासाठी, कोणत्या ऋतूत आणि कोणत्या जागी, हे तीन प्रश्न आधी विचारावे लागतात.

आता कोणी म्हणेल, जंगलात गवत आपोआप उगवते, माणसाने त्यात हात का घालावा? हा प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की, ज्या जागांवर आज ही कुरणे राखली जातात त्यांतील पुष्कळशा जागा कालपरवापर्यंत माणसांची शेते होती. मेळघाटातून बोरी, कोहा आणि कुंड ही गावे २००१ ते २००३ च्या सुमारास उठली. चंद्रपूर जिल्ह्यात ताडोबा-अंधारीतील नवेगाव २०१३ च्या सुमारास उठले. गाव उठले की नांगर थांबतो, गुरे थांबतात आणि जमीन मोकळी पडते. मोकळ्या जमिनीवर सर्वांत आधी चांगले गवत येत नाही. आधी येतात उपटसुंभ. तरोटा, ज्याला आपल्याकडे कोणी टाकळा म्हणतात, तो कमरेएवढा वाढतो. त्यामागून रानतुळस, गाजरगवत आणि घाणेरी येते. यांतील तरोट्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी माणसे आवडीने खातात, पण वाढलेल्या तरोट्याला हरीण तोंड लावीत नाही. सगळे रान हिरवेगार दिसते आणि त्यात खाण्याजोगे मूठभरही नसते. दुरून पाहणाऱ्या शहरवासीयाला ते नंदनवन वाटते. चितळाच्या दृष्टीने ते ओसाड असते.

म्हणून हे काम माणसाला करावे लागते, आणि ते बारमाही आहे. पावसाळ्याच्या तोंडाशी चांगल्या गवताचे बी टाकायचे, किंवा गवताच्या छोट्या वाफ्यांत वाढविलेले ठोंब आणून लावायचे. चांगले गवत म्हणजे मारवेल, पवन्या यांसारखे बहुवर्षायू गवत, ज्याचे मूळ उन्हाळाभर जमिनीत जिवंत राहते. गवताची वाढ शेंड्याकडून होत नाही, बुडाकडून होते. म्हणून हरणाने वरचा भाग खाल्ला तरी ते पुन्हा फुटते. ही निसर्गाची मोठी सोय आहे. तिखाडीसारखी काही गवते मात्र तेलकट उग्र वासाची असतात. त्यांचे तेल काढतात, पण हरणे ती जून झाल्यावर टाळतात. कुसळीचे गवत कोवळे असता चालते. ते निसवले म्हणजे त्याची कुसळे तोंडात रुततात.

श्रावण-भाद्रपदात निंदणी. तरोट्याला शेंग धरण्याच्या आत तो मुळासकट उपटला पाहिजे. शेंग वाळून तडकली की सगळे श्रम वाया, कारण त्याचे बी जमिनीत वर्षानुवर्षे टिकते. एका वर्षाच्या निंदणीने तरोटा जात नाही. चार-पाच वर्षे एकही हंगाम न चुकता उपटावा तेव्हा कुठे गवताला वाव मिळतो. घाणेरी नुसती कापून चालत नाही, ती दुप्पट फुटते. तिचे मुख्य मूळ जमिनीच्या खाली तीन-चार बोटे तोडावे लागते आणि झुडूप उपडे करून ठेवावे लागते, म्हणजे फांद्या मातीला टेकून पुन्हा मूळ धरीत नाहीत.

दिवाळीच्या आसपास बी गोळा करणे. हे काम सगळ्यांत नाजूक. निरनिराळ्या गवतांचे बी निरनिराळ्या वेळी पिकते. आठ दिवस आधी गेले तर बी पोचट, आठ दिवस उशिरा गेले तर जमिनीवर सांडलेले. हाताने ओरबाडून, वाळवून, पोत्यांत भरून ते पुढच्या पावसापर्यंत जपावे लागते. त्यानंतर गवत वाळू लागते आणि वणव्याचा काळ जवळ येतो. फेब्रुवारीच्या मध्याआधी जाळरेषा काढायच्या, म्हणजे ठरावीक पट्टे आपणच जाळून स्वच्छ करायचे. मग आग लागलीच तर ती त्या पट्ट्यांपाशी थांबते. काही कुरणांत गवताचे पट्टे कापतात, म्हणजे नवा कोवळा फुटवा येतो. पण सगळे कुरण एकसारखे कापणे ही चूक आहे. उंच गवताचे तुकडे मधूनमधून राखले पाहिजेत. तिथे पाडसे लपतात आणि पक्षी घरटी करतात.

उन्हाळ्यात गवत वाळून त्यातला कस जातो. तेव्हा झाडे हरणांना तारतात. मोहाची फुले, उंबर, बेहडा, हिवाळ्यात बोर आणि आवळा ही हरणांची खाद्ये. वानर झाडावर बसून अर्धे खातात आणि अर्धे खाली टाकतात, आणि चितळांचा कळप खाली उभाच असतो. चितळ आवळा गिळतो आणि मग निवांत बसून रवंथ करताना त्याची आठोळी बाहेर टाकतो. अशा रीतीने हरीण स्वतःच आवळ्याची लावणी करते, आणि त्याबद्दल त्याचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नसते! म्हणून कुरणाच्या कडेला आवळा, बेहडा, बोर यांची झाडे राखणे हेही चारा लावण्यासारखेच आहे.

या सगळ्या खटाटोपाचे फळ काय? मध्य प्रदेशातील कान्हा येथील उदाहरण सांगतो. बारशिंगा नावाचे एक देखणे हरीण आहे. ते जवळजवळ सर्वस्वी गवतावर जगते. कठीण जमिनीवर राहणारी त्याची जी जात आहे ती कान्ह्यातच शिल्लक उरली होती, आणि १९७० साली तिथे अवघे ६६ बारशिंगे मोजले गेले. पुढे काही गावे हलविली गेली, शेतांची कुरणे झाली, गवत वारंवार जाळणे आवरले, आणि थोडे बारशिंगे कुंपणात सुरक्षित ठेवून त्यांची वीण वाढविली. आज त्यांची संख्या हजाराच्या आसपास गेली असून २०१५ पासून सातपुड्याच्या आणि २०२३ मध्ये बांधवगडच्या रानातही त्यांना नेऊन सोडण्यात आले. एक प्राणिजात नाहीशी होता होता राहिली, आणि ती राखण्यात गवताचा वाटा फार मोठा आहे.

वाघाचेही तेच. २०२२ च्या गणतीत महाराष्ट्रात ४४४ वाघ असल्याचा अंदाज निघाला. त्याचा अभिमान आपण सर्वांनी बाळगला. एका वाघाला वर्षाला हरणाएवढी सुमारे पन्नास जनावरे लागतात. वाघाचा फोटो वर्तमानपत्रात येतो. हरणाचा क्वचित येतो, गवताचा येत नाही, आणि गवत निंदणारीचा तर कधीच येत नाही.

पण मित्रहो, ‘हरणांना आकर्षित करणे’ या शब्दांत एक धोका आहे, तोही सांगितला पाहिजे. आकर्षित कशासाठी करायचे? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या मृगवनाचे वर्णन आहे. त्याला एकच दार असावे, भोवती खंदक असावा, आत गोड फळांची झाडे असावीत, काटेरी झाडे नसावीत. हे सर्व राजाच्या विहारासाठी. आजच्या अमेरिकेत शेपटीखाली पांढरे असणाऱ्या हरणांसाठी लोक क्लोव्हर, चिकोरी, सलगम यांचे छोटे मळे मुद्दाम लावतात, आणि हंगाम आला की परवाना घेऊन त्याच मळ्यापाशी बंदूक घेऊन बसतात. तिथे ते कायदेशीर आहे, मी त्यावर टीका करीत नाही. तिथेही आयत्या चाऱ्याचे ढीग घालण्यावर अनेक राज्यांनी निर्बंध घातले, कारण एका जागी गर्दी झाली की हरणांत एक असाध्य झिजरोग पसरतो. तो प्रथम १९६७ साली कोलोरॅडोत दिसून आला. सांगण्याचा मुद्दा असा की चारा दाखवून बोलावणे सोपे आहे; बोलावल्यानंतरची जबाबदारी अवघड आहे.

आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकारीला बंदी आहे. तरीही चोरट्या शिकाऱ्याला आपल्या सर्वांपेक्षा हे अधिक कळते की हिरवा पट्टा, पाणवठा आणि मिठाचे चाटण जिथे, तिथे फास लावावा. म्हणून ज्या कुरणावर राखण नाही ते कुरण नव्हे, तो सापळा आहे. कुरण केले की तिथे बारा महिने माणूस ठेवलाच पाहिजे.

आणखी एका माणसाचा विचार करू. हरणांसाठी सर्वांत उत्तम चारा कोण लावतो? वनखाते नव्हे, जंगलाच्या कडेचा शेतकरी! तूर, हरभरा, गहू यांच्या कोवळ्या पाल्यापुढे कोणतेही रानगवत फिके आहे. तो बिचारा हे सगळे आपल्या लेकरांसाठी लावतो आणि रात्रभर मचाणावर बसून डबा बडवितो. रानात कुरण चांगले झाले की हरणे शेतात येणार नाहीत, असे काही मंडळी छातीठोकपणे सांगतात. मी तसे सांगणार नाही. कुरण चांगले झाले की हरणांची संख्याही वाढते, आणि हरभऱ्याची गोडी काही कमी होत नाही. एवढे मात्र खरे की कुरण रानाच्या पोटात खोलवर असावे, गावाच्या शिवेला लागून असू नये. आणि शेताचे कुंपण व नुकसानीची भरपाई हा कुरणाच्याच खर्चाचा भाग धरला पाहिजे, शेतकऱ्यावर केलेला उपकार नव्हे.

आता मूळ गोष्टीकडे येतो. त्या छावणीवर मी पहिल्या दिवशी जोरदार भाषण ठोकले. ‘माणसाला भाकर नाही आणि सरकार हरणाला कुरण देते!’ असे मी म्हणालो. टाळ्यांची अपेक्षा होती. एक पिकल्या केसांची बाई उठली आणि म्हणाली, “भाऊ, हरनाचं गवत काहाडून आमची भाकर वाढन काय? गवत हाये म्हून तर आमच्या हाताले काम हाये.” मी खाली बसलो. आजवर अनेक साहेबांनी माझी वाक्ये खोडली, पण असे कोणी खोडले नव्हते.

त्या बायांचे गाऱ्हाणे निराळे होते. नऊ-नऊ वर्षे त्या हेच काम करीत होत्या, आणि दर थोड्या महिन्यांनी त्यांना कागदावर घरी बसविले जाई. कशासाठी? तर १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात वर्षाला २४० दिवस भरल्यास सलग नोकरीचा हिशेब होता. तो भरू नये म्हणून! काम चालू, हजेरी बंद. आम्ही तक्रार केली. परिणाम असा झाला की पुढच्या हंगामात ते काम ठेकेदाराकडे गेले. त्याने दूरवरून नवखी माणसे आणली. त्यांचाही दोष नव्हता, त्यांना कोणी काही शिकविलेच नव्हते. त्यांनी तरोट्याबरोबर मारवेलचे ठोंबही उपटले, आणि अर्ध्या कुरणात तर शेंगा तडकून गेल्यावर पोचले. बिल निघाले. दुसऱ्या पावसाळ्यात मी गेलो तेव्हा त्या कुरणात तरोटा माझ्या कमरेला लागत होता आणि एकही चितळ दिसले नाही. पाच वर्षांची कमाई एका ठेक्यात गेली.

त्या दिवशी मला उमगले की मजुराच्या हजेरीचा प्रश्न आणि हरणाच्या गवताचा प्रश्न हे दोन नाहीत. जे काम सलग पाच वर्षे केल्याखेरीज साधत नाही, ते काम दर हंगामाला माणूस बदलून होणारच नाही. माणूस कायम असेल तर गवत कायम राहील.

हा नुसता माझा हट्ट नव्हे. पुण्यात पर्वतीच्या मागे पाचगाव-पर्वतीच्या वनीकरणावरील मजुरांचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. १९९५ च्या डिसेंबरात न्यायालयाने सांगितले की असे वनीकरणाचे काम हे राज्याचे सार्वभौम कार्य नव्हे, तो उद्योगच आहे; आणि वर्षानुवर्षे माणसांना हंगामी म्हणून ठेवणे ही अनुचित कामगार प्रथा आहे. झाडे लावणाऱ्याला जो न्याय, तोच गवत लावणारीला का नसावा?

दुसरी गोष्ट म्हणजे ‘अकुशल’ हा शब्द. मजुरीच्या तक्त्यात या बाया अकुशल. बोटभर रोप पाहून हा मारवेल आणि ही कुसळी हे जी ओळखते, कोणते बी आज काढायचे आणि कोणते आठ दिवसांनी हे जी वाऱ्यावर सांगते, ती अकुशल! आणि ठेकेदाराचा जो माणूस छत्री धरून उभा असतो, तो देखरेख करणारा म्हणून कुशल. हा हिशेब मला अजून कोणी समजावून दिलेला नाही.

तिसरी गोष्ट अधिक दुःखाची आहे. एकदा एका जुन्या गावठाणाच्या कुरणावर मी उभा होतो. शेजारी एक कोरकू म्हातारा येऊन उभा राहिला. उठलेल्या गावातला. कळप चरत होता. बराच वेळ पाहून तो म्हणाला, ते दोन चितळ उभे आहेत ना, तिथे आमचा गोठा होता. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच मला उत्तर सुचेना. गाव हलविताना २००८ पासून कुटुंबामागे दहा लाख रुपये आणि २०२१ पासून पंधरा लाख असा हिशेब ठरला. पैसे घेऊन जे गेले त्यांतले काही सावरले, काहींचे पैसे दोन-तीन वर्षांत उडाले. माझे म्हणणे एवढेच की ज्यांच्या शेताचे कुरण झाले, त्यांच्या घरातील माणसांना त्या कुरणावरील कायम कामाचा पहिला हक्क असला पाहिजे. त्या मातीचा स्वभाव त्यांच्याइतका दुसऱ्या कोणाला ठाऊक आहे?

आता तुम्ही शहरातील मंडळी यात काय कराल? पहिले असे की माळरानाला पडीक म्हणणे सोडा. पावसाळा आला की आपल्या संस्था उत्साहाने टेकडीवर आणि माळावर खड्डे खणून दिसेल ते रोप लावतात. हेतू चांगला असतो. पण काळविटाला आणि चिंकाऱ्याला माळच हवा. रेहेकुरीचे अभयारण्य १९८० साली काळविटांसाठीच राखले गेले. तिथे दाट झाडी केली तर काळवीट जाईल कुठे? प्रत्येक उघडी जमीन झाडाची वाट पाहत नसते. काही जमिनी गवताच्याच असतात.

दुसरे असे की उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही जिप्सीत बसून व्याघ्रदर्शनाला जाल. वाघ दिसेल किंवा न दिसेल, चितळांचा कळप बहुधा दिसेल. तेव्हा सोबतच्या मार्गदर्शकाला एवढेच विचारा, “हे गवत कोण निंदते? त्यांची हजेरी बारा महिने लागते का?” हा प्रश्न मी विचारला तर साहेब म्हणतात, आला संघटनेवाला! तो तुम्ही, तिकीट काढून आलेल्या पाहुण्यांनी, पुन्हा पुन्हा विचारला तर त्याला उत्तर द्यावे लागेल.

त्या पिकल्या केसांच्या बाईंचे म्हणणे मी शेवटी पुन्हा आठवतो. हरणाच्या ताटातले काढून माणसाचे ताट भरत नाही. पण हेही तितकेच खरे की जिच्या हातांनी हरणाचे ताट वाढले, तिला उपाशी ठेवून ते ताट फार दिवस भरलेले राहत नाही. माझ्या वीस वर्षांच्या गवताच्या शिक्षणाचे सार एवढेच आहे.